शिंगाच्या मुठीचा ब्रश

१

कुंडलच्या रिटायर सुभेदार सयाजी सावंतानं साठीला टेकेपर्यंत स्वतःचा वरचा ओठ पाहिलेला नव्हता. हनुवटी पाहिली होती, बर्फात काळानिळा पडलेला पायाचा अंगठा तर महिनाभर रोज उठून पाहिला होता. पण वरचा ओठ नाही. मिसरूड फुटलं तेव्हापासून त्याच्यावर जी मिशी बसली ती बसलीच. कारण सरळ होतं. सयाजीचे वडील नाथाजी आबा नव्वदी ओलांडून हयात होते, आणि बाप हयात असताना मिशी काढायची नाही ही त्या घरची रीत होती.

शहरातल्या माणसाला वाटेल, मिशीचं काय एवढं. वाटू दे. आमच्याकडं मिशी उतरते ती बाप गेल्यावर, नदीच्या घाटावर. आधी थोरला बसतो, मग धाकटे. म्हणून नेहमीचा मिशीवाला एकदम बिनमिशीचा दिसला की लोक रामराम घालत नाहीत, आधी "कवा गेलं म्हातारं?" असं विचारतात. मागं गावातल्या एका मास्तरानं गॅदरिंगच्या नाटकात बाईचं काम करायचं म्हणून मिशी काढली. ते बघून कुणीतरी फोन फिरवला, आणि म्हसवडहून पाव्हण्यांची जीप भरून रडत आली. मास्तराचा बाप ओसरीवर आमटीत भाकरी चुरत बसला होता. बायकांनी त्याच्याच गळ्यात पडून रडून घेतलं, कारण एवढ्या लांबून आणलेलं रडू परत कुठं न्यायचं. म्हाताऱ्यानं पुढं वर्षभर मास्तराशी अबोला धरला.

तर सयाजीची मिशी ही अशी, निम्मी त्याची आणि निम्मी बापाची. रोज सकाळी चहा झाला की तो आबांना ओसरीवर उन्हाला बसवायचा, गळ्याला टॉवेल बांधायचा आणि त्यांची दाढी करायचा. आबांचे गाल आत गेलेले, त्यामुळं आतून जीभ लावून गाल फुगवायला सांगावं लागायचं. आणि आबांना नेमकं पातं गालावर असतानाच बोलायचं सुचायचं.

"मान वर करा, आबा."

"केली की. आता ह्याच्या वर करायची म्हंजी सरळ वरच जायाचं."

आधी सयाजी ह्यावर हसायचा. पण पावसाळा सरता सरता आबांना सांगलीला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि डॉक्टरांनी सयाजीला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, जपा. तेव्हापासून त्याला ही थट्टा सोसेना. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. आबांनी स्वतः भाकऱ्या थापून त्याला वाढवला होता, आणि त्या भाकऱ्यांचे नकाशे त्याला अजून आठवायचे. साठीचा माणूस बाप जाईल म्हणून घाबरतो, हे कुणाला सांगायची सोय नसते. सांगितलं तर लोक आधी बापाचं वय विचारतात.

घरात आणखी दोघं. बायको राजेश्वरी, आणि जोधपूरहून सुट्टीवर आलेला एकुलता एक मुलगा शंभूराज. तोही फौजेत. त्याची मिशी आता कुठं दाट झाली होती, आणि ती पिळत तो दिवसभर गावात उगीचच्या चकरा मारत होता.

२

रिटायर झालेला फौजी एकतर सरपंचकीला उभा राहतो नाहीतर घरच्यांना परेड करायला लावतो. सयाजीनं तिसरंच काढलं. तो दाढीचे जुनेपुराणे ब्रश नवे करायचा. भरतीच्या वेळी मिळालेल्या त्याच्या पहिल्या ब्रशाचे केस झडले, तो टाकवेना म्हणून त्यानं खटपट करून दुरुस्त केला, आणि तिथून त्याला हे वेड लागलं. पुढं साताऱ्या-फलटणपासून लोक आजोबा-पणजोबांचे ब्रश घेऊन यायला लागले.

"लोकांची माणसं रिटायर हून उसाकडं बघत्यात," राजेश्वरी म्हणायची. "आमची परक्या माणसांच्या दाढीचं ब्रश धुत्यात."

काम नाजूक होतं हे मात्र खरं. मूठ वाफेवर धरायची म्हणजे आतला जुना डिंक सैल होतो. मग केसांचा जुना झुबका उपसून काढायचा, खळगा खरवडायचा, मूठ घासून-पुसून चकाकवायची, आणि नवा झुबका बसवून रात्रभर उभा ठेवायचा. चांगल्या ब्रशात बिज्जू नावाच्या रानजनावराचे केस असतात, साध्यात डुकराचे. हे कळल्यापासून आबा प्रत्येक नवा ब्रश गालाला लागायच्या आधी त्याची जात विचारून घ्यायचे.

सांगलीच्या जुन्या बाजारात आप्पासो नावाचा भंगारवाला सयाजीसाठी असला माल बाजूला काढून ठेवायचा. त्या शनिवारी त्यानं कळकट फडक्यात गुंडाळलेला एक ब्रश पुढं केला. काळ्या शिंगाची मूठ, बुडाशी पितळी कडं.

"कुणाचा रं?" सयाजीनं विचारलं.

"माहुलीकडनं एक पत्र्याची पेटी आली भंगारात. वाटी, वस्तरं, बसायचा पाट, आन ह्यो. पेटीवाला घाटावर बसायचा म्हनं. आता मागं कुणी न्हाई."

घाट म्हटल्यावर सयाजीनं तो तिथंच खाली ठेवायला पाहिजे होता. घाटावर नेलेलं घाटावर सोडून यायचं, मागं वळून बघायचं नाही, हे आपल्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण छंद लागलेल्या माणसाला अक्कल कोण शिकवणार. घासल्यावर शिंगाला कशी झळाळी येईल ह्याचा विचार करत तो एसटीत बसला.

घरी आल्यावर त्यानं मूठ नीट पाहिली. अंगठ्याच्या जागी शिंग झिजून खोलगट झालं होतं. सयाजीनं ब्रश आपल्या गालाकडं धरला, तर अंगठा तिथं जाईना. समोर दुसरं कुणी बसलंय असं धरून हात पुढं केला, आणि अंगठा अलगद खोलग्यात जाऊन बसला.

केस तर आणखी चमत्कारिक. काही काळे, काही पांढरे, काही मेंदी लावल्यासारखे तांबूस. आबांनी त्यातले थोडे चिमटीत धरले आणि सवयीनं पीळ दिला. पीळ बसला, आणि सोडल्यावरही तसाच राहिला.

"ह्ये जनावराचं न्हाई," आबा म्हणाले. "जनावराच्या केसाला असा पीळ ऱ्हात न्हाई. बैलाची शेपूट पिळून बघ."

"शेपूट पिळली की बैल पळतो, आबा."

"त्येच म्हन्तोय. ह्ये बसून ऱ्हायलंय."

सयाजीनं तो झुबका उपसला आणि पाणी तापवायच्या बंबात टाकून दिला. त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याला कसलातरी वास येतोय म्हणून राजेश्वरी दिवसभर कुरकुरत होती. मग त्यानं बिज्जूच्या केसांचा नवाकोरा झुबका बसवला, आणि डिंक पक्का झाल्यावर स्वतःच पहिल्यांदा वापरून पाहिला. फेस असा आला की दाढी होऊनही तो थोडा वेळ तसाच ब्रश फिरवत राहिला.

३

दुपारचं जेवण झालं की सयाजी ओसरीवरच्या दिवाणावर घटकाभर आडवा व्हायचा. आबा आतल्या खोलीत, राजेश्वरी टीव्हीपुढं, शंभूराज गावात. ओसरीच्या टोकाला मोरी होती आणि मोरीच्या भिंतीला ब्रश उलटे टांगलेले असायचे. उलटे अशासाठी की पाणी केसांतून निथळून जातं, मुळाशी मुरत नाही. सकाळचा ब्रश दुपारपर्यंत खडखडीत वाळतो.

त्या दिवशी तो झोपून उठला तेव्हा शिंगाच्या मुठीचा ब्रश ठिबकत होता.

बाकीचे कोरडे आणि हा एकटा ओला. खाली फरशीवर पाण्याचा गोल, कडेला फेसाचे बुडबुडे. सयाजीनं लष्करी शिस्तीत चौकशी लावली. राजेश्वरी म्हणाली, "मला दाढी हाय का?" शंभूराज घरात नव्हताच. आबा म्हणाले, "मी उठून मोरीपतुर जाईस्तवर तुझी झोप हून च्या बी पिऊन झाला असता." तेही खरंच होतं. मग सयाजीनं आपली समजूत घातली की उकाड्यात पाली पाण्याला येतात, एखादी आली असेल. पाल साबण लावत नाही, हे त्याला चहाचा दुसरा घोट घेताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जाग आली ती मिशी ताठ झाल्यामुळं. हात लावला तर वाळलेला फेस. दोन्ही गाल कोरडे, हनुवटी कोरडी, आणि मिशीला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट, हात फिरवून लावलेला साबण. ज्यानं कुणी लावला त्याला दाढीशी कर्तव्यच नव्हतं. घरचा साबण लिंबाच्या वासाचा. ह्याला नदीच्या ओल्या वाळूचा आणि शिळ्या भाताचा वास येत होता.

"शंभ्या, ही थट्टा तुझी असंल तर आत्ताच सांग."

"नाना, तुमच्या मिशीला हात लावायची हिंमत युनिटात कुणाची झाली न्हाई, माझी हुईल व्हय?" शंभूराज म्हणाला. आणि ते म्हणताना त्याचा हात स्वतःच्या मिशीवर गेला.

सयाजीनं ब्रश फौजेतल्या लोखंडी ट्रंकेत टाकला, कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि मगच तो आडवा झाला. उठला तेव्हा ट्रंकेच्या बुडातून पाणी झिरपत होतं.

४

ऑक्टोबरच्या उन्हात सुभेदार मफलर गुंडाळून फिरायला लागले, हे गावानं बघितलं. कुणी विचारलं तर तो दाढ दुखतेय म्हणायचा. मग लोक लवंगेपासून दाढ उपटण्यापर्यंत उपाय सांगायचे, आणि ते सगळं त्याला मफलरातून ऐकून घ्यावं लागायचं.

दाढ ठणठणीत होती. झालं असं होतं की शिंगाच्या ब्रशाला लावलेले नवे केस गळायला लागले. बिज्जूचा केस असा आठवड्यात गळत नाही. सयाजीनं भिंग लावून पाहिलं, तर गळलेल्या केसांच्या जागी झुबक्याच्या मधोमध दुसरेच केस उभे होते. आखूड, राठ, काळेभोर, आणि बुडाशी मात्र पांढरे. मिशीला कलप लावणाऱ्या माणसाला असा केस ओळखायला भिंग लागत नाही. त्यानं आरशात पाहिलं. मिशीची डावी बाजू विरळ झाली होती.

नेमकं त्याच दिवशी आबांना दम लागला. अंथरुणातून उठून बसले आणि श्वास पुरेना. शंभूराजनं गाडी काढली, सांगली गाठली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळी बदलली आणि संध्याकाळी घरी सोडलं. परत येताना गाडीत आबा टुकटुकीत, आणि सयाजी मात्र मफलरावरून मिशीवर हात दाबून बसलेला. शेवटी घरी आल्यावर त्यानं आबांना सगळं सांगून टाकलं. ब्रश, फेस, केस, सगळं.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिशी गेली म्हून बाप मरत न्हाई, लेका. बाप मेला म्हून मिशी जाती. आदी काय आन मागनं काय, एवढं तरी सुभेदाराला कळाय पायजे."

"कळतंय, आबा."

"मग तोंडावरचा हात काढ."

सयाजीचं डोकं आबांच्या बाजूनं होतं. मिशी ही मिशी आहे आणि हृदय हे हृदय, ह्या गावचा त्या गावाला संबंध नाही. हे त्यानं स्वतःला नीट मुद्देसूद पटवून दिलं. हात काही तोंडावरून निघाला नाही. त्याच्या मनानं घेतलं होतं की मिशी पुरी संपली की आबा संपणार, आणि तसं होऊ द्यायचं नाही.

५

ब्रश नदीत नेऊन टाकायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचं, असं त्यानं ठरवलं. शत्रू कोण हे न बघता ठाणं सोडायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. ब्रश परत मोरीच्या भिंतीला टांगून त्यानं दाढीचा छोटा आरसा दिवाणाच्या पायथ्याशी असा टेकवला की पडल्या पडल्या मोरी दिसावी. मफलर चांगला तोंडात कोंबला, बोळा करून, म्हणजे मिशी झाकलेली राहील आणि झोप लागली तर घोरणं ऐकू जाणार नाही. एक डोळा मिटला, एक किलकिला ठेवला.

आत टीव्हीवर कुणाचंतरी लग्न मोडत होतं. पंखा टकटक करत होता. बराच वेळ काही झालं नाही, आणि सयाजीला स्वतःचीच लाज वाटायला लागली. जन्मभर सीमेवर पहारे केले आणि आता मोरीवर पहारा.

मग आवाज आला. चुबुक, चुबुक. वाटीत ब्रश घोळवल्याचा, ज्या आवाजानं त्याची रोजची सकाळ सुरू होते तोच.

आरशात मोरीची कड दिसत होती. कडेच्या मागं कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं, पाठमोरं. दिसत होतं ते इतकंच: भेगाळलेली ओली टाच, तिला चिकटलेली वाळू, आणि एक कोपर. कोपर हलत होतं. घाई नव्हती, आळसही नव्हता, रोजचं काम करणाऱ्या माणसाचा हात चालावा तसा तो चालला होता. सयाजीला आपला घाम कानामागून उशीवर उतरताना कळत होता.

चुबुक थांबलं.

"थोरला कोण?"

आवाज साधा होता. कंटाळलेला, मागं रांग उभी आहे आणि उरकून घ्यायचंय असा. सयाजीनं उभ्या जन्मात पुकारा ऐकून गप्प बसायचं शिकलेलं नव्हतं. नाव घेतलं की हजर म्हणायचं, ह्याच्यावर त्यानं पेन्शन मिळवली होती. जीभ आपोआप उठली, उत्तर घशातून वर आलं, आणि मफलरच्या बोळ्यावर आपटून थांबलं.

"थोरला कोण हाय? चला, बसून घ्या. ऊन चढाय लागलंय."

आतल्या खोलीत आबा खोकले. कोपर जागच्या जागी राहिलं. पाठमोरं डोकं हळूच त्या खोलीच्या दाराकडं वळायला लागलं, आणि कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली, आणि त्याच्या पुढं जे दिसणार होतं ते सयाजीला बघायचं नव्हतं. तो ओरडायला गेला, मफलर घशात गेला, आणि सुभेदार दिवाणावरून आरशासकट खाली आले.

"काय पडलं रं?" आबांनी आतून विचारलं.

"मी पडलो."

"मला वाटलं आरसा पडला."

"त्यो बी पडला."

"जपून उचल मग. पायाला काच लागंल," आबा म्हणाले आणि कुशीवर वळले. मोरीत कुणी नव्हतं. ब्रश फरशीवर उभा होता, फेसानं भरलेला, आणि त्याच्या शेजारी वाटी ठेवून उचलल्याची ओली खूण.

६

दुसऱ्या दिवशी शंभूराजची सुट्टी संपली. फौजीच्या आईनं बॅग भरायला घेतली की मधे बोलायचं नसतं. राजेश्वरीनं शेंगदाण्याची चटणी घातली, तिळाची घातली, लाडू घातले, लोणच्याची बरणी पोराच्या गणवेशात गुंडाळली, आणि चेन लागेना तेव्हा बॅगेवर स्वतः बसली. जाताना शंभूराज आबांच्या पाया पडला. आबांनी त्याच्या मिशीला चिमटीनं पीळ दिला आणि म्हणाले, "राख नीट. तुझा बाप बी राखतोय."

सयाजीनं ब्रश एका पिशवीत घालून गाठ मारून कट्ट्यावर ठेवला होता. पोराला किर्लोस्करवाडीला गाडीत बसवून यायचं आणि तसंच कृष्णेवर जायचं, असा बेत होता. दिवस कलताना तो परत आला तर कट्टा मोकळा.

"पिशवी कुठं गेली?"

"दिला तो ब्रश," राजेश्वरी म्हणाली. "चकचकीत मूठ, आताच नवा केस घातलेला, आन नदीत टाकायचा? घर बुडवायची लक्षणं हायत ही. ज्येला उपेग हुईल त्येला दिला."

कुणाला, असं विचारायला सयाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. कळलं असतं तर जाऊन सांगावं लागलं असतं, काय सांगायचं ते ठरवावं लागलं असतं, आणि कदाचित परत आणावा लागला असता. ब्रश घरातून गेला होता. त्याला तेवढंच हवं होतं. मफलर काढून त्यानं दोरीवर वाळत घातला, आणि बऱ्याच दिवसांनी तोंडावरून वारं गेलं.

आबा मात्र चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले. "सयाजी, ज्याच्या घरी गेला आसंल त्येला बी बाप आसंल की रं."

"आसंल."

"मग त्येच्यावर बेतंल."

"बेतू दे, आबा," सयाजी म्हणाला. "माझ्या बापावर न्हाई न्हवं? बास झालं."

आबांनी त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. चहा गार झाला म्हणून त्यांनी तो परत तापवून आणायला लावला.

७

त्यानंतर घर असं शांत झालं की सयाजीला मधला प्रकार पित्तानं झाला असावा असं वाटायला लागलं. मोरी कोरडी. बाकीचे ब्रश शहाण्यासारखे टांगलेले. मिशीची डावी बाजू भरून आली, त्यानं तिला कलप लावला. आबांचा दम कमी झाला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि एका रविवारी आबांनी मटणाचा रस्सा मागितला. तिखट कमी घातलं म्हणून राजेश्वरीला बोल लावत त्यांनी वाटीभर भुरकला. सयाजी बापाला जेवताना बघत बसला आणि त्याला भरून आलं. आपण वाचवलं ह्यांना, असं तो मनात म्हणाला. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं.

जेवणं झाली. तो दिवाणावर आडवा होणार तेवढ्यात फोन वाजला. शंभूराजचा, व्हिडिओवर. पोरानं तोंडावर रुमाल धरला होता.

"नाना, आदी सांगतो, रागावू नका."

त्यानं रुमाल काढला. वरच्या ओठावर काही नव्हतं. ऊन न लागलेली फिकट पट्टी, आणि तिच्यावर एकही खुंट नाही.

"कुणी केलं ह्ये?" सयाजीचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"त्येच तर कळंना. आईनं तुमचा शिंगाच्या मुठीचा ब्रश बॅगेत घातलेला न्हवं का. लय झ्याक फेस येतोय त्याला, रोज वापरतुय. आज रविवार, जेवून जरा पडलो. झोपेत कुणीतरी इचारतंय, थोरला कोण? मला वाटलं हजेरीच चाललीया. म्हटलं, मीच. दुसरा हाय कोण आमच्यात? उठलो तर ही अशी." शंभूराज हसायला लागला. "आता पोरं लागल्यात मागं, घरी काय झालं, घरी काय झालं म्हून. मी सांगितलं, काय झालं न्हाई बाबांनो, आमचं नाना ठणठणीत हायत."

फोनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात सयाजीला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर दाट, काळीभोर, जिवापाड राखलेली मिशी. इतके दिवस तो एकाच बापाचा हिशेब धरून बसला होता. आपणही कुणाचे तरी बाप आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शंभ्या," तो म्हणाला, "तुझ्या मागं खाटंपाशी कोण बसलंय?"

शंभूराजनं वळून पाहिलं. "कोण न्हाई. सगळी भाईर गेल्यात." आणि तो परत फोनकडं वळला. त्याच्या खांद्यामागं खाटेच्या खाली दिसत होती ती भेगाळलेली टाच नव्हती, फक्त टाचेएवढ्या ओल्या खुणा होत्या फरशीवर, आणि त्या दाराकडं निघाल्या होत्या.

"शंभ्या, त्यो ब्रश..." सयाजी म्हणाला, आणि चित्र गोठलं. फोन कट झाला.

"कोण हाय रं फोनवर?" आबा भिंतीला धरत धरत बाहेर आले होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच आपणहून उठून आले होते. त्यांनी गोठलेलं चित्र पाहिलं. नातवाचा उघडा ओठ पाहिला. मग मान हळूहळू वर करून लेकाकडं पाहिलं.

आबांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं. मरणावर तर हमखास सुचायचं. सयाजी वाट बघत राहिला की आता म्हणतील, आदी काय आन मागनं काय ते बघ, सुभेदार. पण आबांनी दिवाणावर बसून सयाजीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. एवढं बळ त्या हातांत उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

आत टीव्ही चालू होता. मोरीतला नळ बंद होता, हे सयाजीनं दोनदा बघून घेतलं.

"माझ्याजवळ बस," आबा म्हणाले. "आन दुपारचं झोपू नगंस."